पन्हळीवरचा ढोल, भिंतीतलं भोक आणि उकरलेली फळी

पत्राचा सारांश: बॉस्टनच्या पश्चिमेला, दाट झाडीच्या एका गावात राहणाऱ्या वाचक भगिनीचं हे पत्र आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी घर घेतलं. बाहेरून सगळं सीडरच्या लाकडाचं साइडिंग, म्हणजे भिंतींवरचं फळ्यांचं आवरण, रंग न देता नुसतं स्टेन (लाकडाच्या रेषा झाकत नाही असा पातळ लेप) मारलेलं. मार्चपासून सुतार पक्षी पहाटे साडेपाचला पन्हळीवर ठोकायला लागला. मग पूर्वेच्या भिंतीत, छपराच्या त्रिकोणाखाली मोसंबं जाईल एवढं गोल भोक दिसलं. डेकवरची (बाहेरच्या लाकडी ओट्यावरची) एक फळी तर खालच्या बाजूने हिवाळ्यातच लांबलचक उकरलेली होती. मागच्या अंगणातलं वाळलेलं अ‍ॅशचं झाड त्यांनी गेल्या शरदात पाडलं आहे. यजमानांनी प्लॅस्टिकचं घुबड आणून बसवलं, फरक पडला नाही. आता ते छऱ्याची बंदूक आणायचं म्हणतात. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई म्हणतात, पाखराच्या जिवावर उठू नका, घराला लागतं. एका कंत्राटदाराने "आत वाळवी असल्याशिवाय सुतार येत नाही" असं सांगून चारही भिंतींना व्हायनिलचं, म्हणजे प्लॅस्टिकचं, साइडिंग लावायचा चाळीस हजार डॉलरचा आकडा दिला आहे. भगिनी विचारतात: "लाकडाचं घर घेतलं हेच चुकलं का? याला कायमचा कसा घालवू? आणि घरातल्या दोघांपैकी कोणाची बाजू घेऊ?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात सुतार पक्षी सगळीकडे एकवचनी आहे. तो ठोकतो, त्याने भोक पाडलं, त्याने फळी उकरली. पण तुम्ही केलेलं वर्णन नीट पाहिलं तर ही तीन निरनिराळी कामं आहेत आणि पक्षीही बहुधा निदान दोन जातींचे आहेत. घुबड का चाललं नाही याचं अर्धं उत्तर इथेच आहे. पक्षी काय करतोय हे न बघता उपाय आणला, म्हणजे दुखणं न विचारता औषध दिल्यासारखं झालं.

आधी पन्हळीचं बघू. पत्र्यात खायला काय मिळतं म्हणून हा ठोकतो, असं तुम्ही वैतागून विचारलंय. काहीच मिळत नाही. बाकीचे पक्षी गातात, सुतार पक्षी ढोल वाजवतो. हद्द सांगायची, जोडीदाराला बोलवायचं, म्हणून जितका आवाज मोठा तितकं चांगलं. अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळीइतका आवाज कुठलंच लाकूड देत नाही. नर वाजवतो, मादीही वाजवते. तुम्ही लिहिलेला चिमणीहून थोडासाच मोठा, काळा-पांढरा, मानेमागे लाल ठिपका असलेला पक्षी डाउनी सुतार असावा. उत्तर अमेरिकेतला हा सगळ्यात लहान सुतार. तो पन्हळीचं काही बिघडवत नाही, तुमची झोप तेवढी बिघडवतो. अंडी-पिल्लांचं काम सुरू झालं की ही वाजवणूक आपोआप ओसरते, जुलै उजाडेपर्यंत बहुतेक थांबते. तोवर जिथे तो बसतो नेमक्या त्या जागी जुन्या योगा मॅटचा किंवा जाड फोमचा तुकडा घट्ट बांधा. आवाज बद्द आला की त्याला त्या जागेत रस उरत नाही. एक सांभाळा: धुराड्याच्या टोपीवर किंवा हवा बाहेर सोडणाऱ्या कुठल्याही व्हेंटवर असं काही गुंडाळू नका. आत धूर आणि विषारी वायू कोंडतात.

तुम्ही पाडलेल्या झाडाचाही इथे संबंध आहे. पन्ना रंगाचा तो भुंगेरा, ज्याला इथे एमरल्ड अ‍ॅश बोरर म्हणतात, पूर्व आशियातून आला. 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ तो पहिल्यांदा सापडला, 2012 मध्ये तुमच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम भागात. त्याच्या अळ्या सालीखाली पोखरत जातात, अ‍ॅश वाळतं, आणि त्या अळ्यांसाठी सुतार पक्षी खोडाची साल सोलून काढतात. तुमचं वाळलेलं खोड हे त्यांचं स्वयंपाकघर होतं, ढोलही होता आणि घर कोरायची जागाही. ते घरावर पडण्याजोगं होतं तर पाडलं हे योग्यच झालं. पण लगेच पुढच्या वसंतात पक्षी भिंतीवर आला यात नवल नाही. पुढच्या वेळी असं झाड काढायची वेळ आली आणि ते घरापासून लांब असलं, तर झाड कापणाऱ्याला सांगून दहा-बारा फुटांचं खोड उभं ठेवायला सांगा. तेवढं पडलं तरी घरापर्यंत पोचत नाही.

आता भोक. तुमच्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात नाजूक. तिथून बाहेर पडणारा पक्षी तपकिरी, ठिपक्यांचा, छातीवर काळा पट्टा आणि उडताना पंखाखाली पिवळा दिसला, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे तो फ्लिकर. हाही सुतारच, पण जमिनीवर उतरून मुंग्या खाणारा. भिंतीत त्याला खायचं नाही, राहायचं आहे. मऊ सीडर आणि त्यामागे इन्सुलेशनची (थंडी अडवायला भिंतीत भरलेल्या मऊ थराची) पोकळी, याहून चांगली ढोली त्याला कुठे मिळणार?

हा मे महिना आहे. त्या भोकात अंडी किंवा पिल्लं असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून आज ते बुजवू नका. हे भूतदयेपोटी सांगत नाही. 1918 च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याखाली अमेरिकेतले सगळे देशी सुतार पक्षी येतात. पक्षी मारणं, अंडी-पिल्लं असलेलं घरटं मोडणं हा परवानगीशिवाय गुन्हा आहे. पंधरा हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या यजमानांना बंदुकीबद्दल सांगायचं ते एवढंच. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं असताना एका पाखरापायी नावावर गुन्हा कशाला? शिवाय झाडीपलीकडे शेजारची घरं असतात, छरा भिंतीपाशी थांबेलच असं नाही. खरोखर दुसरा मार्गच उरला नाही तर केंद्र सरकारच्या वन्यजीव खात्याकडून परवाना मागता येतो, पण बाकीचं करून पाहिल्याशिवाय तो मिळण्याची आशा धरू नका. आणि एक मारला तरी त्या जागी दुसरा सुतार यायला वेळ लागत नाही.

मग करायचं काय? लांबून अर्धा-पाऊण तास बघायचं. दोन पक्षी आळीपाळीने आत-बाहेर करत असतील, चोचीत काही घेऊन येत असतील, आतून चिवचिव येत असेल, तर घरटं चालू आहे. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण पाच-सहा आठवडे लागतात. तेवढे काढा. त्यानंतर सलग काही दिवस कोणी येत-जात नाही असं दिसलं की शिडीवर माणूस चढवून, विजेरीने आत बघून, रिकामं असल्याची खात्री करायची. मग भिजलेलं इन्सुलेशन काढून कोरडं भरायचं, मागे बारीक लोखंडी जाळी ठोकायची आणि ती फळी बदलायची. नुसती पुट्टी भरून वरून स्टेन मारलं तर शरदात थंडीच्या मुक्कामासाठी तोच पक्षी तिथेच पुन्हा कोरायला येतो. म्हणून त्या त्रिकोणावर साइडिंगच्या रंगाचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसवून घ्या. खालून कळतही नाही.

काही लोक तिथे भुसा ठासून भरलेली लाकडी पेटी टांगायला सांगतात, की फ्लिकर भिंतीऐवजी पेटी कोरेल. लावायची तर लावा, पण माझा तिच्यावर फार भरवसा नाही. ती पत्र्याच्या जोडीला ठीक, पत्र्याऐवजी नको.

तिसरं काम डेकवरच्या फळीचं, आणि तिथला मुख्य गुन्हेगार पक्षी नाहीच. तुम्ही जाता जाता लिहिलंय की उन्हाळ्यात त्या फळीखाली पिवळसर भुसा पडायचा आणि तोंडासमोर एक काळा जाडा भुंगा घोंगावायचा. गावाकडे वाशात आणि कळकात भोकं पाडणारा आपला भुंगा असतो ना, त्याचाच हा अमेरिकी भाऊबंद. अंगावर येतो तो नर, त्याला नांगी नसते. भोकं पाडते ती मादी. फळीच्या खालच्या अंगाला अर्ध्या इंचाचं, गिरमिटाने पाडल्यासारखं गोल भोक, मग आत काटकोनात वळून लाकडाच्या रेषेने लांब बोगदा, त्यात अंडी आणि अळ्या. सुतार पक्ष्याला आतल्या हालचालीचा सुगावा लागतो आणि तो बोगदाच उभा फाडतो. तुम्हाला दिसलं ते लांबलचक उकरणं म्हणजे हे.

इथे पक्ष्याला हाकलून काही साधत नाही, भुंग्याची सोय मोडायला हवी. फळी तशीही फाटलीच आहे. ती काढून तिथे पीव्हीसीची ट्रिम, म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी, लावा. भुंगा ती पोखरत नाही, विषारी पावडर भरावी लागत नाही आणि त्या पावडरीने माखलेल्या अळ्या पक्ष्याच्या पोटातही जात नाहीत. बाकीच्या उघड्या लाकडाला, म्हणजे वळचणीच्या फळ्या, कठड्याचे दांडे, जिथे जिथे जमेल तिथे प्रायमर आणि वर रंगाचे दोन हात द्या. भुंग्याला कोरं आणि स्टेनचं लाकूड आवडतं, रंगवलेलं फारसं नाही. तुम्हाला सीडरचा नैसर्गिक रंग प्रिय आहे हे पत्रातून कळतं. भिंती ठेवा तशाच, या पट्ट्या मात्र रंगवा.

आता कंत्राटदाराच्या वाळवीबद्दल. त्याचं वाक्य पटतं, कारण सुतार पक्षी किडे खातो हे आपण शाळेत शिकलेले असतो. पण तुमच्या भागातली वाळवी जमिनीखाली राहते. ती पायाच्या भिंतीवरून मातीच्या नळ्या करत वर येते, ओल धरून राहते. दुसऱ्या मजल्याच्या कोरड्या त्रिकोणाखालचं मोसंब्याएवढं गोल भोक ही तिची खूण नव्हे. किडा खरंच असता तर भोकं लहान, वेडीवाकडी, एकाशेजारी एक अशी दिसली असती. खाचांच्या प्लायवूडचं साइडिंग असलेल्या घरांत तर ती आडव्या ओळीत पडतात, कारण प्लायवूडच्या आतल्या फटींत पानं कापणाऱ्या मधमाश्या राहतात आणि पक्षी ती फट धरूनच पुढे सरकतो. तुमच्याकडे हे काही नाही. तरी मनात किंतु राहतो, म्हणून दोन गोष्टी करा. एक, पेचकस घेऊन पायाजवळच्या आणि खिडक्यांखालच्या लाकडाला टोचून बघा. चांगलं लाकूड दाद देत नाही, कुजलेल्यात टोक लोण्यात गेल्यासारखं जातं. दोन, जो साइडिंग विकत नाही अशा स्वतंत्र कीड-तपासनिसाला पैसे देऊन बोलवा. ज्याला चाळीस हजारांचं काम मिळणार आहे त्याने वाळवी शोधावी, ही व्यवस्थाच चुकीची आहे.

व्हायनिलने सुतार पक्ष्याचा त्रास कमी होतो हे खरं. पण पन्हळ पत्र्याचीच राहणार आणि डेक लाकडाचाच. म्हणजे तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन चाळीस हजार खर्चूनही जागच्या जागी. साइडिंगचं आयुष्य संपेल तेव्हा फायबर सिमेंटचा (सिमेंटमध्ये तंतू मिसळून केलेल्या फळ्यांचा) विचार जरूर करा. आज नको. हो, आणि विम्यावर विसंबू नका. घराच्या बहुतेक पॉलिसींत पक्षी आणि किड्यांनी केलेलं नुकसान वगळलेलं असतं. आपल्या पॉलिसीतलं ते पान एकदा काढून वाचा.

मग लाकडाचं घर घेतलं हे चुकलं का? नाही. झाडीत घर घेतलंत, मऊ लाकडाचं घेतलंत, स्टेन ठेवलंत, त्याची ही देखभाल. छपराची करता, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची करता, तशीच. मात्र या भोकांतून धोका नेमका कशाचा, ते घरात सगळ्यांनी समजून घ्यायला हवं. धोका पाण्याचा आहे. वरवरच्या ठोक्यांच्या खुणा दिसायला वाईट, पण पुट्टीने भागतं. फळीच्या आरपार गेलेल्या भोकातून पाऊस आणि वितळलेला बर्फ आत जातो आणि सगळं आतून कुजायला लागतं. म्हणून आरपार गेलेली भोकं आधी, बाकीची सवडीने. घरट्याच्या भोकासाठी थांबावं लागतंय, तोवर त्याच्या वर दोन हातांवर एक छोटी पत्र्याची पट्टी तिरकी लावता आली तर पाणी वळेल. पक्षी आत असताना त्याहून जवळ जाऊ नका.

घुबडाची गोष्ट अशी की त्याच्यावर पैसे घालवणारे तुम्ही एकटे नाहीत. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकाच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांच्या घरांवरच हे उपाय लावून पाहिले: प्लॅस्टिकचं घुबड, शिकारी पक्ष्यांचे आवाज, चरबीच्या खाण्याचे फीडर, निवाऱ्याच्या पेट्या, चमकत्या पट्ट्या. 2007 मध्ये निष्कर्ष छापून आले. सातत्याने उपयोग दिसला तो चमकत्या पट्ट्यांचाच, आणि तोही शंभर टक्के नाही. घुबड हलत नाही हे पक्ष्याला लवकरच कळतं, पुढे कावळे त्याच्या डोक्यावर बसतात. यजमानांना रागावू नका, ते घुबड दुकानात फार ऐटीत मांडलेलं असतं.

पट्ट्या लावायच्या त्या दोन्ही बाजूंनी चमकणाऱ्या, हात-दीड हात लांबीच्या. वळचणीला वरच्या टोकाने बांधून बाकी मोकळ्या सोडायच्या, वाऱ्याने फडफडल्या पाहिजेत. भिंतीला चिकटवल्या की त्या शोभेच्या झाल्या. पहिला ठोका पडला की त्याच आठवड्यात लावा. पक्ष्याला जागेची सवय लागली की तो हटत नाही. पट्ट्यांनी नाही भागलं तर जाळी. पाऊण इंचाच्या भोकांची, भिंतीपासून निदान तीन इंच पुढे ताणलेली, नाहीतर तो जाळीतूनच चोच घालतो. कडा बंद करा म्हणजे पक्षी आत अडकणार नाही. आणि भिंतीला फासायचं ते चिकट जेल मिळतं, ते आणू नका. पक्ष्याचे पंख त्याने चिकटतात आणि साइडिंगवर डाग उठतात ते वेगळे.

"कायमचा कसा घालवू" याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. अशा झाडीत कायमचं काही होत नाही. तुम्ही एवढंच करू शकता की तुमच्या भिंतीपेक्षा आसपासच्या झाडीतलं एखादं झाड त्याला सोयीचं वाटेल.

राहिला यजमान आणि सासूबाईंचा प्रश्न. बाजू कोणाची घेऊ असं विचारताना तुम्ही गृहीत धरलंय की एकाला पक्षी मारायचा आहे आणि दुसऱ्याला वाचवायचा आहे. मला तसं दिसत नाही. यजमानांना झोप हवी आहे आणि घेतलेल्या कर्जाचं घर शाबूत हवं आहे. सासूबाईंचं मन मोडायचं नाही, पण "राहू दे त्याला" एवढ्याने भिंतीत जाणारं पाणी थांबत नाही हेही त्यांना सांगायला हवं. सांगलीकडे सोनपाठी सुतार नारळावर आणि आंब्यावर ठोकतो; आपल्या घराच्या भिंती दगडाविटांच्या, त्याने त्यांच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. इथल्या भिंती लाकडाच्या आहेत, म्हणून इथे वेगळं वागावं लागतं, हे त्यांना पटेल. कायद्याचा कागद तुम्ही यजमानांसमोर ठेवलात की बंदुकीचा वाद तिथेच मिटतो, आणि सासूबाईंचं ऐकलं असं त्यांना वाटतही नाही.

आणि एक काम सासूबाईंनाच द्या. त्या पाचला उठत असणार. चहाचा कप घेऊन खिडकीशी बसतील तेव्हा एका वहीत लिहू द्या: कोणता पक्षी, कुठे बसला, ठोकला की उकरलं, भोकात गेला का, चोचीत काही होतं का. घरटं रिकामं झालं की नाही हे नेमकं सांगणारा माणूस तुमच्या घरात तुम्हाला विकत घेऊनही मिळाला नसता. शिडीचं काम मात्र यजमानांना करू देऊ नका. दुसऱ्या मजल्याच्या त्रिकोणापर्यंत चढणारा हँडीमन बोलवा, विमा असलेला.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी थोडं वेगळं. तुमच्याकडचा एकॉर्न सुतार ओकची फळं साठवायला भिंतीत शेकडो खळगे पाडतो आणि तो कुटुंबकबिल्यासह येतो. पट्ट्यांनी हा हलेल अशी आशा कमी ठेवा, सरळ जाळीचा किंवा साइडिंग बदलण्याचा विचार करा. आणि ज्यांची घरं घरमालकांच्या असोसिएशनच्या नियमांखाली आहेत त्यांनी पट्ट्या टांगण्याआधी लेखी विचारा, चमकणाऱ्या वस्तूंवरून नोटिसा येतात.

तर ताई, या शनिवारी पन्हळीला फोम बांधा आणि भोक नसलेल्या भिंतींवर पट्ट्या लावा. जूनभर वही चालू ठेवा. घरटं रिकामं झाल्याची खात्री झाली की जुलै-ऑगस्टात फळी, जाळी आणि पत्रा, म्हणजे शरदातलं कोरणं सुरू होण्याआधी भिंत तयार. डेकची फळी त्याच फेरीत बदलून घ्या, एकच माणूस दोन्ही करेल. आणि भाव विचाराल तेव्हा चारही भिंतींचा विचारू नका. एका त्रिकोणाचा आणि एका फळीचा मागा, निदान तिघांकडून, कागदावर.